उलट्या पायाचं गिऱ्हाईक

"असं गिऱ्हाईक तू मला आणून दाखव," तोडकर शेठ म्हणाले, "मी एका पायात गमबूट आणि एका पायात टाचेची सँडल घालून भर बाजारातनं चालत जातो."

"मारुतीच्या देवळापासनं एसटी स्टँडपर्यंत?" मी विचारलं.

"स्टँडपर्यंत. आणि नाही मिळालं तर तू चालायचंस."

"चालतोय की."

संक्रांतीचा दुसरा दिवस होता. आम्ही विट्याला तोडकर फुटवेअरच्या पायरीवर बसून तिळगुळाचे उरलेले दाणे चावत होतो. महालिंग तोडकर माझे शेजारी. त्यांचं दुकान आणि माझं मंडप-डेकोरेशनचं गोदाम यांच्यात एकच भिंत. तेव्हा मी पस्तिशीत होतो, आणि गल्लीत कुणाच्याही दाराला बाहेरून कडी लागली की लोक आधी माझ्या नावानं ओरडायचे, मग कडी काढायचे. दहातल्या नऊ वेळा त्यांचं बरोबर असायचं.

पैज लागली ती रेश्मापायी. रेश्मा ऐवळे, आठवीतली पोरगी, बाप यशवंता यंत्रमागावर कामाला. जन्मतः तिचा उजवा पाय आत वळलेला होता. तान्ही असतानाच मिरजेला नेऊन प्लॅस्टर घालून घालून तो सरळ केला. पाय अगदी झकास झाला, पोरगी पळायची, उड्या मारायची. फक्त तो पाय लहान राहिला. डाव्याला पाच नंबर लागायचा, उजव्याला तीन.

त्या वर्षी सव्वीस जानेवारीच्या संचलनाला शाळेनं तिला सगळ्यात पुढं घेतलेलं. आवाज खणखणीत होता तिचा. पण पायात पांढरे कॅनव्हास बूट पाहिजेत असा नियम. यशवंतानं पाच नंबरचे घेऊन उजव्यात कापूस कोंबून दिला, आणि पहिल्याच सरावाला 'दाहिने मुड' म्हटल्यावर पोरगी वळली, बूट नाही वळला. तो उडाला तो थेट बँडवाल्यांच्या ढोलावर. सगळं मैदान हसलं. सर म्हणाले, "बूट पायात राहिला तर तू पुढं. नाहीतर शेवटच्या रांगेत जायचं."

म्हणून बाप-लेक दुकानात आले होते.

"शेठ, उजवा तीनचा द्या, डावा पाचचा द्या," यशवंता म्हणाला.

"आणि उरलेले दोन मी काय पोराच्या पाळण्याला टांगू?" शेठ म्हणाले. "यशवंता, जोड फोडता येत नाही बाबा. दोन्ही जोड घे."

यशवंतानं खिशातले पैसे चाचपले. पोरीचा पाय वर्षाला वाढतो. दर वर्षी दोन जोड घ्यायचे म्हणजे त्या महिन्यात घरात तेलाच्या किटलीला हात लावायचा नाही. रेश्मा बापाचा सदरा ओढत म्हणाली, "चला बाबा. मागच्या रांगेतनं पण दिसतंय झेंडा."

ते ऐकून माझ्या जिभेला खाज सुटली. मी म्हणालो, "शेठ, उरलेले दोन पण विकले जातील की. उजवा पाच, डावा तीन असं कुणीतरी असणारच गावात."

"उलट्या पायाची फक्त हडळ असते, बाळू."

"हडळ तर हडळ. पैसे दिल्याशी मतलब."

आणि मग ती पैज. मुदत पंचवीस तारखेच्या दिवेलागणीपर्यंत. शेठनी तिथल्या तिथं माळ्यावरनं दोन वस्तू काढून काउंटरवर मांडल्या: कुणीच न घेतलेली चकचकीत लाल सँडल, टाच चांगली चार बोटं उंच, आणि एक काळा गमबूट, ज्याचा जोडीदार उंदरानं खाल्ला होता. रेश्मा पहिल्यांदा हसली. यशवंता म्हणाला, "अण्णा, माझ्या पोरीपायी तुमची शोभा नको." मी म्हणालो, "माझी शोभा होऊन होऊन संपलीय रे. तू घरी जा."

दहा दिवस होते.

शाळेच्या स्टेजचं काम माझ्याकडंच होतं, त्यामुळं मला आत-बाहेर करायला मोकळीक. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर पोरं बूट काढून आत जायची. मी खिशात टेप घातली आणि एकेक बूट उलटा-पालटा करायला लागलो. आत कुठं कापूस, कुठं चिंधी दिसतेय का ते बघायचं, एवढाच माझा हिशोब.

दिसलं काय, तर सगळ्यांच्याच बुटात काहीतरी होतं. पेपरचे बोळे, बापाचा जुना मोजा, एका बुटात तर निवडणुकीचं पत्रक. 'वाढतं अंग आहे, दोन नंबर मोठाच घ्या,' असं प्रत्येक आई म्हणते आणि प्रत्येक दुकानदार मान डोलावतो. बूट मापाचा होईपर्यंत त्याचा तळ गेलेला असतो, आणि मग फाटेपर्यंत घालायचा म्हणून तोच बूट पुढं बोटं आखडून घालायचा. अख्ख्या शाळेत एक पोर स्वतःच्या मापाच्या बुटात नव्हतं. अर्धी पुढच्या वर्षीच्या बुटात होती आणि अर्धी मागच्या.

एका बुटात हात कोपरापर्यंत गेला असतानाच शिपाई आला.

"अण्णा, काय करताय?"

"माप घेतोय."

"कशाचं?"

"स्टेजचं."

त्यानं माझ्याकडं बघितलं, बुटाकडं बघितलं आणि म्हणाला, "स्टेज लहानच दिसतोय."

मंगल कार्यालयात माझा मंडप होता, तिथं वऱ्हाडाच्या चपला तपासायला गेलो तर नवरीच्या मामानं मानगूट धरली. चप्पलचोर म्हणून मला आचाऱ्यापुढं नेऊन उभं केलं. आचारी ओळखीचा. तो म्हणाला, "हा चोरत नाही ओ, हा नुसता बदलतो," आणि त्यानं मामाचं जास्तच बिघडलं.

चोवीस तारीख उजाडली. एकही उलटा पाय नाही. शेठ रोज सकाळी दुकानाचं शटर वर करताना माझ्या गोदामात डोकवायचे, सँडल हातात घेऊन टाच भिंतीवर टकटक वाजवायचे आणि निघून जायचे. तिकडं रेश्मा रोज शाळा सुटल्यावर दारात येऊन उभी राहायची. विचारायची नाही. मी मान हलवली की जायची.

त्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडं हळदीकुंकू होतं. माझी बायको मंदा मला सकाळपासनं बजावत होती, "ह्या वर्षी चपलांना हात लावायचा नाही." कारण दर वर्षी बायका आत हळदीकुंकू घेत असताना मी बाहेर त्यांच्या चपलांच्या जोड्या फिरवायचो, किंवा एकीची चप्पल दुसरीच्या चपलेला सुतळीनं बांधायचो. मग जिन्यात जो गोंधळ उडायचा तो मी पाण्याच्या टाकीमागं बसून ऐकायचो. वर्षातनं एकदाच येणारा सण, सोडवत नाही.

मी "हो हो" म्हणालो आणि सुतळी घेऊन खाली बसलो.

दोन-चार चपला बांधून झाल्या आणि एक तपकिरी चप्पल हातात आली. साधी, घासलेली, चार नंबर. डाव्या चपलेचा पट्टा कुणीतरी आतून मुडपून शिवलेला. टाका इतका बारीक आणि दोरा रंगाला असा जुळवलेला की नखानं चाचपलं तेव्हाच कळलं. आत पुढच्या बाजूला जाड कापडाची पट्टी चिकटवलेली. चपलेवर पायाचा ठसा उमटलेला असतो बघा, बोटांचे पाच काळे डाग. डाव्या चपलेवर ते डाग टोकापासनं अंगठाभर अलीकडं संपत होते. मी उजवी उचलली. तिच्यात टाचेचा ठसा मागच्या कडेच्या बाहेर गेलेला, कड दबून फाटलेली.

मी टेप लावली. डावा पाय तीन. उजवा पाच.

मला नाचावंसं वाटलं. मी उडी मारून टाकीमागं गेलो आणि दबा धरून बसलो. बायका यायला लागल्या. आरडाओरडा झाला, मंदा माझ्या नावानं ओरडली, सुतळ्या सुटल्या, एकेक करून सगळ्या गेल्या. तपकिरी चप्पल तशीच राहिली. शेवटी एक बाई जिन्यातनं सावकाश उतरली, इकडंतिकडं बघितलं, साडीचा काठ खाली सोडून पाय झाकले आणि चप्पल घातली.

कलावती वहिनी. महालिंग तोडकरांची बायको.

"वहिनी," मी टाकीमागनं उठलो, "सापडलात. तुम्हीच ती हडळ."

त्या दचकून भिंतीला टेकल्या. हातातलं वाण खाली पडलं. मी हसत होतो, आणि त्यांचा चेहरा बघून माझं हसू मध्येच थांबलं.

"कुणाला सांगितलंत, भावजी?"

"अजून कुणाला नाही. आता सांगणार. शेठ बाजारातनं सँडल घालून चालणार."

"त्यांना माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"पायाचं."

मला वाटलं मस्करी करतायत. "वहिनी, बावीस वर्षं झाली लग्नाला. माणूस पायताणाचं दुकान चालवतो."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या आणि वाण उचलायला वाकल्या. उठल्या तेव्हा आवाज बारीक झाला होता. "माझा डावा पाय रेश्मासारखाच होता. आमच्या आईनं चोळून, बांधून सरळ केला. बघायला आले तेव्हा तिनं मला पाटावर बसवलं आणि पाय पदराखाली घे म्हणाली. सप्तपदीला तांदळावर उजवाच पाय टाकायचा असतो, तो चांगला होता. आई म्हणाली, संसार रुळला की सांग. रुळला, पण सांगायचं राहून गेलं. आता सांगितलं तर म्हणतील, बावीस वर्षं फसवलं."

"आणि चपला?"

"ते आणतात. चार नंबर. मी घरी नीट करून घेते."

मी आयुष्यात कुणाचं काही पोटात ठेवलेलं नाही. मंदानं दिवाळीला कोणाला काय घ्यायचं ठरवलंय हे ती मला मुद्दाम सांगत नाही. आणि इथं माझ्या हातात गावातला सगळ्यात मोठा बार होता, नुसती काडी लावायची खोटी. मी वहिनींच्या पायांकडं बघितलं. त्यांनी साडीचा काठ आणखी खाली ओढला.

"नाही सांगत," मी म्हणालो. ते शब्द बाहेर पडताना अडकले होते, खोटं का बोलू.

"शपथ?"

"शपथ. पण वहिनी, पोरीचा बूट?"

मग माझ्यापेक्षा जास्त डोकं त्यांनी चालवलं. "तुम्ही तीनचा जोड विकत घ्या. पाचचा मी दुकानातनं काढते, ते जेवायला घरी गेले की. मालकीण आहे मी. उरलेले दोन मी घालीन."

पंचवीस तारखेला दुपारी माझ्या गोदामात सतरंज्यांच्या ढिगावर दोघी समोरासमोर बसल्या. रेश्माला मी एवढंच सांगितलेलं की बूट मिळतोय, तोंड बंद ठेव. वहिनींनी चपला काढल्या तेव्हा पोरगी टक लावून बघत राहिली.

"काकू, तुमचा पण?"

"हो."

"मग चप्पल टोचत नाही?"

"टोचते की."

"आणि तुम्ही चालताना मोजत चालता काय? मी मोजते. मोठं पाऊल, बारीक पाऊल."

वहिनी हसल्या. "मी पण."

"मग मला सांगायचं की ओ," रेश्मा म्हणाली. "मला वाटायचं गावात मी एकटीच."

वहिनींनी मान खाली घालून बूट पायात चढवले. त्यांनी नाडी बांधायला घेतली, पण ती त्यांना बांधता येईना. जन्मात बूट घातला नव्हता. रेश्मानं खाली बसून बांधून दिली. वहिनी उठल्या, सतरंजीवर दोन पावलं टाकली, मग चार. गोदामाच्या टोकाला जाऊन वळल्या. वळताना बूट त्यांच्याबरोबर वळला. परत येताना जरा भरभर आल्या. मग पुन्हा गेल्या. चौथ्या खेपेला त्या जवळजवळ पळत होत्या आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि रेश्मा मागनं "डावा उजवा, डावा उजवा" ओरडत होती. भिंतीपलीकडं शेठचं शटर वाजलं. आम्ही तिघंही एकदम गप्प.

दिवेलागणीला मी दुकानात जाऊन हार कबूल केली.

शेठना एवढा आनंद झाला की त्यांनी मला चहा पाजला. "तीनचा जोड तू नेलास सकाळी. पाचचा कुठनं आणलास?"

"सांगलीतनं."

"सांगलीतनं?" चहाचा कप खाली आला. "भिंतीला भिंत असून सांगलीला गेलास?" पैज जिंकल्याचं त्यांचं सुख त्यानं निम्मं झालं.

त्या वर्षी सव्वीस जानेवारी नेमकी बाजाराच्या दिवशी आली होती. सकाळी मैदानावर रेश्मा सगळ्यात पुढं होती. 'दाहिने मुड' आलं, यशवंतानं माझा दंड धरला. पोरगी वळली. दोन्ही बूट वळले. तिनं झेंड्यासमोर पाय असा आपटला की धूळ उडाली, आणि तिच्या सलामीचा आवाज मागच्या लिंबाच्या झाडापर्यंत गेला. माझ्या दंडावर यशवंताच्या बोटांचे वळ चार दिवस होते.

मग माझी पाळी.

मारुतीच्या देवळापुढं शेठनी स्वतःच्या हातानं मला सँडल चढवली. माझं अर्धं पाऊल मागं लोंबत होतं. दुसऱ्या पायात गमबूट. पहिलं पाऊल टाकलं तसा मी एका बाजूनं वर गेलो आणि दुसऱ्या बाजूनं खाली आलो. शाळेची बँडवाली पोरं घरी जायची सोडून मागं लागली, त्यांनी ढोल धरला. गूळवाले, भांडीवाले, कोंबडीवाले उठून उभे राहिले. एक म्हातारी म्हणाली, "कुणाचा नवस आहे गं?" शेठ पुढं चालत होते, मिरवणुकीतल्या मानकऱ्यासारखे, दोन्ही बाजूंना सांगत, "पैज हरला, पैज. ह्याला वाटलं उलट्या पायाचं माणूस असतं."

मी दोन्ही हात वर करून नाचत चाललो होतो. शोभा करून घ्यायचीच तर नीट करून घ्यावी.

भाजीच्या रांगेपाशी ढोल थांबला. वाटेत कलावती वहिनी उभ्या होत्या, हातात पिशवी. साडी चार बोटं वर खोचलेली, आणि खाली पांढरे शुभ्र कॅनव्हास.

"अहो," त्या शेठना म्हणाल्या, "त्यांना थांबवा. ते हरलेले नाहीत."

"तू कशाला मध्ये पडतेस? आणि हे काय घातलंयस?"

"उजवा पाच आहे," वहिनी म्हणाल्या, "डावा तीन."

मी म्हणालो, "वहिनी, राहू द्या. मी चालतोय ना." त्यांनी माझ्याकडं बघितलं पण नाही.

शेठनी बायकोकडं बघितलं, मग बुटांकडं. चाळीस वर्षं दुकानात बसलेला माणूस होता तो, डोळ्यानंच माप कळायचं त्याला. तरी तो तिथंच, मेथीच्या पेंढ्यांमध्ये, उकिडवा बसला. तिचा डावा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला, बूट काढला आणि वीत लावली. मग उजवा. एवढा बाजार, पण कोंबड्या सोडून कुणी बोलत नव्हतं.

"कधीपासनं?" त्यांनी खाली बघतच विचारलं.

"जन्मापासनं."

"मी तुला चार नंबर आणत होतो."

"हो."

"बावीस वर्षं."

"हो."

"चार तर ह्यातल्या एकाही पायाला बसत नाही."

"नाही बसत," वहिनी म्हणाल्या.

शेठचा हात तिच्या टाचेवरच्या घट्ट्यावर होता, बावीस वर्षं चपलेच्या कडेबाहेर घासून झालेल्या. मला वाटलं, आता हा माणूस बाजारात ओरडणार. वहिनींनाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी धरली होती.

शेठनी तिच्या पायात बूट परत घातले. नाड्या ओढल्या, गाठ मारली, अंगठ्यानं पुढचं टोक दाबून बघितलं, जसं ते रोज गिऱ्हाइकाचं बघायचे.

"टोचतंय का कुठं?"

"नाही."

"चालून दाखव."

वहिनी दोन पावलं चालल्या. शेठनी मान डोलावली, गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि माझ्यापुढं येऊन उभे राहिले. डोळे लाल होते, पण मिशीखाली काहीतरी हलत होतं.

"सांगलीतनं आणला काय रे, चोरा?"

मी पायातल्या गमबुटाकडं बघितलं.

"काढ ती सँडल."

"शेठ, असू द्या की."

"काढ म्हणतो ना. पैज म्हणजे पैज."

त्यांनी भाजीवालीच्या पाटीचा आधार घेऊन सँडल चढवली, गमबूट ओढला. शंभर किलोचा माणूस चार बोटांच्या टाचेवर उभा राहिला तेव्हा बाजारानं श्वास रोखला. मग रेश्मा कुठनंतरी पुढं आली आणि तिनं खणखणीत आवाजात हुकूम दिला, "तोडकर काका, आगे चल." ढोल पुन्हा सुरू झाला.

मी अनवाणी मागं चाललो होतो. शेठ एकदा इकडं कलत होते, एकदा तिकडं, आणि एसटी स्टँड अजून लांब होता. त्यांच्यापुढं कलावती वहिनी, पिशवी हलवत, इतक्या भरभर चालत होत्या की शेठ मागनं सारखे ओरडत होते, "अगं हळू, हळू. मला गाठू तर दे."